मागच्या बाकाची डावी फळी

होडीचं काम मी आता घेत नाही. टेबल आणा, दार आणा, मोडका झोपाळा आणा. होडी म्हटलं की मी दोन हात लांब. का, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही खोदून विचारताय, तर सांगते. हसू मात्र नका.

वडिलांच्या मागे सुतारकामाचं दुकान मी चालवते. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण रंध्याला त्याने जन्मात हात लावला नाही. त्याला नाद जुन्या वस्तूंचा. तो वस्तू आणणार आणि मी ती दुरुस्त करणार, हे आमच्या घरात जणू दगडावर कोरलेलं. त्या उन्हाळ्यात त्याने होडी आणली. सहलीची, चार-पाच माणसांची, निळा रंग पोपडे धरलेला. तळ्याकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती.

"चिमे, तळ अगदी ठणठणीत आहे," दादा म्हणाला. "फक्त मागच्या बाकाची एक फळी जराशी गेलीय. तुला काय, अर्ध्या दिवसाचं काम!"

काम दुसऱ्याचं असलं की ते नेहमी अर्ध्या दिवसाचंच असतं.

एरवी मी सरळ नाही म्हटलं असतं. पण त्याने आईला शब्द देऊन ठेवला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईने दोन वर्षं घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टर म्हणत होते चालू शकाल, आई म्हणत होती कशाला चालू. होडीचं नाव काढलं आणि ती पहिल्यांदा म्हणाली, "पाण्यावर न्याल? मग येते." तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

तर होडीत बाकं अशी होती. पुढे एक. मध्ये एक, वल्ही मारणाऱ्याचं. आणि मागे एक, त्याचे दोन भाग, उजवा आणि डावा. बाकी सगळं लाकूड जुनं पण हाडाचं पक्कं. डाव्या फळीत मात्र मी टोच्या लावला आणि तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. कुजलेल्या लाकडाचा वास मला पाठ आहे. जमिनीचा, अळंबीचा असतो. हा वास वेगळा होता. ओले कपडे बादलीत दोन दिवस विसरून राहावेत, तसा.

फळी काढली. नवीन सागवान कापलं, रंधलं, तीन हात वॉर्निश दिलं, पितळी स्क्रूंनी आवळून बसवलं. खरंच अर्धा दिवस लागला. वॉर्निश वाळायला दोन दिवस धरा.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर फळी ओली.

बाहेर रणरणतं ऊन. छताला भोक नाही. शेडमध्ये नळ नाही. मी दादाला फोन लावला. "होडी धुतलीस?"

"मी? मी कशाला धुऊ?"

तेही खरंच होतं. तो स्वतःचा कप धूत नाही. मी फळी पुसून घेतली आणि घरी आले. चार दिवसांनी पाहते, तर पाणी वॉर्निशखाली शिरलेलं आणि लाकूड अंगठ्याने दाबलं की दबत होतं. सागवान! दहा वर्षं पावसात टाकलं तरी ज्याला काही होत नाही, ते आठवड्यात लोण्यासारखं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वखारीत गेले आणि वखारवाल्याला नाही नाही ते बोलले. त्याने निमूटपणे त्याच फळीचा उरलेला अर्धा तुकडा आणून समोर ठेवला. मी बोटांनी वाजवला. खणखणीत आवाज. 

त्याच तुकड्यातून दुसरी फळी केली. या वेळी खालूनही वॉर्निश, कडांना मेण, सांध्यांत लांबीचं भरण. तीन दिवस. परत तेच. आता तर मधोमध दोन गोल डाग दिसत होते, शेजारीशेजारी. ओल्या कपड्यांनी कुणी बसून उठल्यावर राहतात तसे, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण मी ते मनाला कळू दिलं नाही. राग असला की माणसाला बरं असतं, भीतीला आत जागा मिळत नाही. रविवार आठ दिवसांवर आला होता. आई रोज विचारायची, "झालं का गं?" आणि मी खेकसायचे, "होतंय!"

तिसरी फळी मी जुन्या दाराच्या चौकटीतून काढली. साठ वर्षं मुरलेलं लाकूड. म्हटलं, ही कशी सडते बघतेच. दुपारचे तीन वाजले असतील. धूळ येऊ नये म्हणून शेडचं दार ओढून घेतलं होतं. पत्रे उन्हाने कडकड वाजत होते. शेवटचे दोन स्क्रू खालून आवळायचे, म्हणून मी होडीच्या तळावर उताणी झोपले आणि डोकं बाकाखाली घातलं. तोंडात बॅटरी, हातात पेचकस. फळी नाकापासून वीतभर वर.

एक स्क्रू झाला. दुसरा फिरवत होते... आणि फळी कुरकुरली.

हळूच. एखादं माणूस आवाज होऊ नये म्हणून जपून टेकतं ना, तशी. फळी मधोमध खाली वाकली. अगदी सूतभर. पण मी सुतार आहे. सूतभर म्हणजे काय ते मला कळतं.

बॅटरी तोंडातून काढून मी म्हटलं, "दादा...?"

मी मान वळवून बाकासमोर पाहिलं. कुणी बसलं असतं तर पाय दिसले असते. पाय नव्हते. फक्त तळाच्या कोरड्या फळ्यांवर दोन ठिकाणी लाकूड गडद होत चाललं होतं... सावकाश, कडेकडेने, ओल पसरत जावी तसं. तो वास आला. मग माझ्या कपाळावर एक थेंब पडला. गार. तळ्याच्या खोल पाण्याचा गारवा असतो तसा.

मी कशी सरपटत बाहेर आले, मला आठवत नाही. पेचकस तिथेच राहिला. बाकावर कुणीही नव्हतं. फळी ओली होती.

त्या संध्याकाळी दादाकडून होडीच्या आधीच्या मालकाचा पत्ता काढला. निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहत होते. दार उघडून त्यांनी माझ्या हातांवरचं वॉर्निश पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "कितीदा बदललीत?"

"तीनदा," मी म्हटलं.

"मी सहादा." त्यांनी मला आत बसवलं. "मग वैतागून ती फळी काढूनच टाकली. वर्षभर तिथे नुसती फट होती."

"मग?"

"मग उजवी सडायला लागली. ती गेल्यावर मधली." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "बसायला कुठेतरी लागतंच ना, बाई. शेवटी परत एक फळी ठोकली आणि तिच्याकडे बघायचं सोडून दिलं."

"कोण बसतं तिथे?" मी विचारलं.

"माझी धाकटी बहीण," ते म्हणाले. "तिशीची होती. आम्ही दोघंच गेलो होतो. मी पुढे तोंड करून गळ टाकून बसलेलो, ती मागे डावीकडे. तिला गार वाटायला लागलं. म्हणाली, परत चल. मी म्हटलं, दोन मिनिटं. पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, दोन मिनिटं. तिसऱ्यांदा काही बोलली नाही. मला वाटलं, रुसली..." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "आवाजसुद्धा झाला नाही हो. मी वळलो, तेव्हा बाक रिकामं होतं. पाणी अगदी आरशासारखं. सापडलीच नाही."

"दादाला हे सांगितलंत?"

"नाही. सांगितलं असतं तर घेतली असती का त्यांनी? अठ्ठावीस वर्षं झाली मला. दमलो मी."

मला त्यांची कीवही आली आणि संतापही. दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकून हा माणूस सुटला होता. घरी येऊन सगळं दादाला सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "आईला यातलं काही बोलू नकोस. दोन वर्षांनी बाहेर पडतेय ती. तुझ्या एका फळीपायी मोडता नको." आईला आम्ही काहीच सांगितलं नाही. हे नीट लक्षात घ्या. एक अक्षरही नाही.

रविवारी सकाळी होडी पाण्यात उतरवली. वल्ही मी घेतली, कारण दादाची पाठ दुखत होती. सोयीच्या वेळी दुखते. तो पुढे, माझ्या पाठीशी. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे आई माझ्या नजरेसमोर. ती काठी टेकत आली, तिला मी हाताला धरून मागच्या उजव्या फळीवर बसवलं आणि म्हटलं, "डावीकडे सरकू नकोस, वॉर्निश ओलं आहे." ती म्हणाली, "बरं."

तळ्याच्या मध्यावर आलो. वारा पडलेला. आईच्या तोंडावर ऊन होतं आणि मी तिला दोन वर्षांत अशी पाहिली नव्हती. मला जरा हलकं वाटलं.

मग आईने डावीकडे मान कलती केली. शेजारचं माणूस हळू बोलत असलं की आपण कान देतो, तशी. एकदा मान हलवली. थोड्या वेळाने परत. मग अंगावरची शाल काढून तिने डाव्या फळीवर ठेवली. ठेवली म्हणजे... पसरली नाही. कुणाच्या खांद्यावर टाकावी तशी टाकली. आणि ती लगेच खाली पडली नाही.

माझी वल्ही थांबली.

"परत चला आता," आई म्हणाली.

"दोन मिनिटं गं," माझ्या पाठीमागून दादा म्हणाला. "आत्ताच तर आलोय. पलीकडच्या काठापर्यंत..."

आईने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मला काही नाही गं. पण हिला फार गार लागलंय. कधीची म्हणतेय."

मी ओरडले. दादावर आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. "दोन मिनिटं नाही, आत्ता! आत्ताच्या आत्ता!" आणि होडी वळवली. हातांना फोड आले, तरी थांबले नाही. मी पूर्ण वेळ आईच्या चेहऱ्याकडे पाहत होते. डावीकडे बघायची माझी छाती झाली नाही. आई मात्र मधूनमधून पुटपुटत होती, "आलंच... आलंच हं..."

काठाला लागलो. दादाने आईला उतरवलं. उतरताना तिने मागे हात केला, जरा थांबली, मग पुढे चालू लागली. काठीशिवाय.

शाल घ्यायला मी परत होडीत गेले. फळी कोरडी होती. त्यानंतर कायमची कोरडी राहिली. महिनाभर मी रोज शेडमध्ये जाऊन पाहत होते. मास्तरांना सांगितलं, तर ते दारातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी रागावून गेले होते, पण त्यांच्यासाठी पाणी आणून तिथेच बसून राहिले.

इथे संपलं असतं तर मी होडीची कामं सोडली नसती.

गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "चिमे, माझ्या पलंगाला रुंदी कमी पडतेय गं. भिंतीच्या बाजूने एक फळी जोडून दे."

आई एवढीशी. त्या पलंगावर तिच्यासारख्या दोघी मावतील. मी म्हटलं, "कशाला? पुरतोय की."

"कडेला झोपून अंग दुखतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली.

मी टेप काढून माप घ्यायला वाकले. आई अगदी अलीकडच्या काठाला झोपत होती. तिची चादर तिथेच चुरगळलेली होती. पलीकडे, भिंतीशी, दुसरी उशी होती. ती कुणी ठेवली, मी विचारलं नाही. अंथरूण स्वच्छ, कोरडं. उशीच्या मधोमध खळगा पडलेला.

मी त्यात हात ठेवला. ऊबदार होता.