प्रवाहाकडे तोंड

फाटकावरची सूचना सेल्विन प्रीसने स्वतःच लावली होती. 'नदी तापली आहे. पाऊस होईपर्यंत बार्बेल माशाच्या वाटेला जाऊ नये. चब चालेल.' खाली मासेमारी क्लबचा शिक्का आणि त्याची वळणदार सही. आज त्याच फाटकाची कडी काढताना त्याने सूचनेकडे बघायचं टाळलं. जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचलेला माणूस तो. नियम मोडायचा नुसता विचार मनात आला तरी त्याचे कान लाल व्हायचे.

"पाचला न्यायला येते हं, सेल्विनकाका," गेनर गाडीतून म्हणाली. "डॅडना नजरेआड करू नका. काल शेजाऱ्यांच्या गाडीत जाऊन बसले होते, पट्टा लावून."

"जा गं तू. इतका काही मी म्हातारा झालो नाही."

गेनरचे वडील, मॉरिस बफ्टन, फाटकापाशी टोपी हातात धरून उभे होते. फाउनहोप गावचा हा एके काळचा खाटीक. अंगाने आडदांड, तोंडाने फटकळ, पण बार्बेल पकडावा तर त्यानेच. चाळीस वर्षं दोघे मिळून वाय नदीवर आले, आणि एवढ्या वर्षांत मॉरिसने सेल्विनला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. 'मीटरवाल्या' हीच हाक. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्याचं डोकं रितं होत चाललं होतं. आधी चाव्या गेल्या, मग रस्ते, मग माणसं. आता तो सेल्विनला 'साहेब' म्हणायचा, तेही मोठ्या अदबीने, आणि त्या अदबीने सेल्विनच्या काळजाला घरं पडायची.

सोमवारी गेनर त्याला दूर लिंकनशरला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार होती. तिचंही चुकत नव्हतं. पण जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, मॉरिसने आपल्याला 'मीटरवाल्या' म्हणावं, एवढीच सेल्विनची इच्छा होती. त्यासाठी तर तो त्याला इथे घेऊन आला होता.

नदी पार खंगली होती. एरवी कमरेइतकं पाणी असायचं तिथे दगड उघडे पडलेले, त्यांवर शेवाळ वाळून कागदासारखं झालेलं. पलीकडच्या काठाला तांबड्या गाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, कोणी इकडे तोंड करून, कोणी तिकडे. सेल्विनने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. तो त्याच्या बायकोचा, म्युरिएलचा, जाम करायचा थर्मामीटर होता आणि तिला पत्ता नव्हता. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट निघालं.

"साहेब, आपण कशाची वाट बघतोय?" मॉरिसने विचारलं.

"चबची."

चब म्हणजे या नदीतला खादाड पाहुणा. पाव, चीज, चेरी, त्याला काहीच वर्ज्य नाही. सेल्विनने पावाचा कडक तुकडा गळाला लावून झाडाच्या सावलीत तरंगत सोडला. दुसरा तुकडा मॉरिसच्या हातात दिला, तर त्याने तो खाऊन टाकला. थोड्या वेळात पाण्यातून पांढरं जाड तोंड वर आलं, पाव गेला, दोर ताणला. दोन हिसके देऊन चब निमूट जाळ्यात आला. मॉरिसने त्याच्याकडे दुसऱ्याच्या ताटातला पदार्थ बघावा तसं बघितलं.

"छान आहे," तो म्हणाला. "तुम्ही पकडलात का?"

पूर्वीचा मॉरिस चबला 'ओला टॉवेल' म्हणायचा. तो चबवर कधी खूश होत नसे. सेल्विनने फाटकाच्या दिशेने पाहिलं. कोणी नव्हतं. एकच, त्याने मनाशी म्हटलं. एकच बार्बेल, नीट धरून सोडू. डब्यातल्या डुकराच्या मांसाचा एक चौकोन कापून त्याने गळाला लावला आणि काठावरच्या अल्डरच्या झाडाच्या मुळांखालच्या खोल डोहात तळाशी जाऊ दिला. रॉड मॉरिसच्या हातात दिला. कान लाल झालेच.

रॉडचं टोक एकदा थरथरलं आणि कमानीसारखं वाकलं. मॉरिसच्या हातांना काही सांगावं लागलं नाही. डोकं विसरलं होतं, मनगटं विसरली नव्हती. मासा तळाला चिकटून झुंजला, मुळांकडे घुसला, परत ओढला गेला. शेवटी सोनेरी पोटाचा, लांबोडका बार्बेल जाळ्यात आला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्याच्या चार मिशांपैकी उजवीकडची एक तुटलेली होती.

बार्बेल असा जीव तोडून झुंजतो, म्हणून त्याला पकडून लगेच सोडता येत नाही. सोडला तर उलटा होतो, पोट वर, आणि संपतो. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुंध्याशी, तोंड प्रवाहाकडे, असा त्याला पाण्यात धरून राहायचं. अंगात बळ आलं की तो आपणच निघून जातो. तोवर सोडायचं नाही. वायकाठच्या पोरांना हे पोहण्याआधी शिकवतात. आणि नदी तापली की पाण्यातच बळ नसतं, मग माशाला ते कुठून मिळणार? म्हणून तर ती सूचना.

दोघे गुडघ्यांवर पाण्यात बसले. मॉरिसने पोटाखाली हात घातला, सेल्विनने शेपटी धरली. मासा कलंडत होता. कल्ले उघडत, मिटत, पुन्हा बराच वेळ उघडत नव्हते.

"ये रे बाबा, ये," सेल्विन पुटपुटला. "माझ्यातलं घे हवं तर."

पाणी कोमट होतं, पण त्याच्या मनगटांशी गार लागायला लागलं. गारवा कोपरापर्यंत चढला. मग माशाची पाठ एकदम घट्ट झाली, शेपटीचा तडाखा बसला आणि तो गेला.

सेल्विन उभा राहिला आणि क्षणभर त्याला कळेना, फाटक कुठल्या बाजूला.

"टोपी घाला, साहेब," मॉरिस म्हणाला. "ऊन बाधेल. जूनमध्ये इथे बाधतंच."

महिना बरोबर होता. मॉरिसने गेल्या कित्येक दिवसांत महिना बरोबर सांगितला नव्हता. सेल्विनच्या छातीत आनंदाने धडधडलं. त्याने दुसरा चौकोन कापला. हाताला सुरी अनोळखी वाटत होती.

एवढा दमलेला बार्बेल दिवसभर तोंड उघडत नाही. पण गळ तळाला टेकतो न टेकतो तोच रॉड वाकला. जाळ्यात आला तो तोच. उजवी मिशी तुटलेली.

"हा मघाचाच," सेल्विन म्हणाला. "पण हे शक्य नाही."

मॉरिस पाण्यात उतरला. त्याने माशाला धरलं. या खेपेला मासा अधिकच थकलेला होता, गारवा खांद्यापर्यंत आला, आणि नदीचा आवाज कोणी दार लोटून घेतल्यासारखा बारीक झाला. सेल्विनने मान वर केली. पलीकडच्या गाई आता सगळ्या नदीच्या वरच्या अंगाला, प्रवाहाकडे तोंड करून उभ्या होत्या. एकही शेपटी हलत नव्हती.

मासा निसटला.

"मीटरवाल्या!" मॉरिस ओरडला. "अरे, शेपटी किती घट्ट धरतोस? मासा आहे तो, सरकारी नळ नाही! आणि फाटकावर ती पाटी तुझीच ना रे, ढोंग्या? थांब, आज पबमध्ये एकेकाला सांगतो!"

सेल्विन हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. चिखलात बसूनच त्याने मॉरिसचा दंड धरला. "पुन्हा म्हण."

"काय म्हणू? मीटरवाल्या? तुला काय झालंय, लेका? चेहरा बघ, पिठासारखा पडलाय. सँडविच खा. म्युरिएलने चीजचं दिलं असेल."

"कोणी?"

"तुझ्या बायकोने."

सेल्विनने डबा उघडला. चार सँडविचं कागदात नेटकी बांधलेली होती, कोपरे दुमडून. हे दुमडणारे हात त्याला माहीत होते. त्या हातांना जामचा वास येई. नाव मात्र येत नव्हतं. ऊन लागलंय, त्याने स्वतःला समजावलं. खिशात दोरी बांधलेली काचेची नळी सापडली. ती कशाची, हे आठवायचा प्रयत्न करून त्याने ती गवतात ठेवली.

दोघे झाडाखाली बसले. मॉरिसने सायडरची बाटली उघडली, जुन्या पुराची आठवण काढली, एका बैलाची गोष्ट सांगितली. सेल्विन ऐकत राहिला. गोष्टीत तो स्वतःही होता म्हणे. हळूहळू मॉरिसची वाक्यं लांबत गेली, मध्येच तुटली. त्याने टोपी काढून हातात धरली.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "ही नदी कुठली हो?"

सेल्विनला एकदम भीती वाटली. माशाची नाही, सोमवारची. काय होतंय ते त्याला धड कळत नव्हतं, पण जन्मभर मीटर वाचलेल्या माणसाला एवढं कळतं, की एकीकडे आकडा चढला तर दुसरीकडे कुठेतरी पाणी कमी होत असतं. त्याला थांबता आलं असतं. अजूनही फाटकापर्यंत गेला असता, रस्त्यावर बसला असता, कोणीतरी घरी पोचवलं असतं.

त्याने तिसरा चौकोन कापला.

रॉड वाकला. मॉरिसने ओढलं. सेल्विन पाण्यात उतरला, तुटक्या मिशीचा मासा त्याने दोन्ही हातांनी उचलून प्रवाहाकडे धरला.

गारवा छातीत आला. मग मानेशी. मासा कलंडत होता, की आपणच कलंडतोय?

"ये रे," तो म्हणाला. "ये."

पाण्याची चव तोंडात आली. लोखंडाची, शेवाळाची. फार जुनी, ओळखीची चव.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या हातांत काहीच नव्हतं.

हात होते, ते त्याच्या अंगाला. पोटाखाली एक. कमरेच्या मागे दुसरा. मोठे, राकट, खाटकाचे. त्यांनी त्याला पाण्यात हळुवार तोलून धरलं होतं, तोंड प्रवाहाकडे.

"सावकाश," वरून आवाज आला. "घाई नाही. येईल बळ."

बरं वाटत होतं. हा भला माणूस कोण, हे विचारावंसं वाटलं, पण शब्द कुठे ठेवले होते ते आठवेना.

"डॅड!" काठावरून एका बाईचा आवाज आला. "पाण्यात काय करताय? आणि काकांना काय झालं?"

"काही नाही गं गेनर. दमलाय मीटरवाला. आणतो त्याला भानावर."

काठावरची बाई पाण्याच्या कडेपर्यंत आली.

"डॅड... तुम्ही मला नावाने हाक मारलीत."

"मग काय आडनावाने मारू? आणि तुझी ती हिरवी गाडी विकलीस वाटतं. बरं केलंस, खटारा होता नुसता."

बाई रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरीसारखी, दोन्ही हात तोंडावर घेऊन.

"अगं वेडे, रडतेस काय? थांब. आलो, आलो मी."

पाण्यातल्याला आता एकच गोष्ट माहीत होती, फार लहानपणी कोणीतरी शिकवलेली. तोवर सोडायचं नाही. ते सांगायला त्याचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

पोटाखालचा हात आधी निघाला. मग कमरेमागचा.