बसवंतमामांची जागा

सव्वा वर्षापूर्वी, पावसाळा संपताना, आत्याचा फोन आला तेव्हा मी एका सफारीची कॉलर बसवत होतो. गंगाखेडला आमचं शिलाईचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, घरामागे मातीचं लहानसं परस. त्या परसात मी झाडं लावतो. शिकवलं कुणी नाही. फांदी लावायची, मरू द्यायची, का मेली ते बघायचं आणि पुन्हा लावायची, असं करत शिकलो.

"महांतेश, ते लोंबतं झाड मागत व्हतास न्हवं?" आत्या म्हणाली. "ये अन् घेऊन जा. पुढल्या हप्त्यात मशीन यायलीय."

सिद्धम्मा आत्या सोनपेठच्या अलीकडे शेतातच राहते. रस्ता रुंद होणार होता, त्यात तिच्या शेताची कड जाणार होती, आणि त्या कडेलाच तिच्या नवऱ्याची, बसवंतमामांची समाधी होती. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहून माती लोटतात. मामांना बसवलं त्या जागी आत्याने एक झाड लावलं होतं. नर्सरीवाले त्याला ब्रुगमॅन्सिया म्हणतात. धोतऱ्याच्याच गोतातलं आणि तेवढंच विषारी. फरक एवढाच की धोतऱ्याचं फूल वर बघतं आणि याचं खाली. पांढऱ्या तुतारीसारखं, वीतभराहून लांब, दिवेलागणीला उमलणारं. त्याचा वास मी तिथे एकदा घेतला होता आणि तेव्हापासून ते झाड मला हवं होतं.

मी गेलो तेव्हा आत्या विळा घेऊन समाधीपाशी उभीच होती. मी माझी कात्री काढली. झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याच्या वरची फांदी घेतली तर फूल लवकर येतं. खालची घेतली तर वर्ष वर्ष वाट बघावी लागते. शिवाय मी फांदीचं खालचं टोक तिरपं कापतो आणि वरचं सपाट. म्हणजे लावताना वर-खाली चुकत नाही.

"ठेव ती कात्री. कापड हाय का ते?" आत्या म्हणाली. "मी बसवलंय त्यांना, मीच उठवणार."

तिने विळ्याने फांद्या तोडल्या, पानं ओरबाडली आणि टोकांना विभूती फासली. दोन्ही टोकांना. विळ्याचा घाव दोन्हीकडे तिरपाच होता.

"झाड न्यायलास असं समजू नको," ती म्हणाली. "त्यांना न्यायलास. दिवा लागायच्या आत लाव. अन् ऐक... ते तिकडं बसेपर्यंत मी आडवी व्हणार न्हाई."

"म्हणजे?"

"भिंतीला टेकून झोपंन. ते उठल्यावर मी कशी पसरू? पहिलं फूल आलं की समजायचं, बसले. मग मी मोकळी."

तिची सून शिवकन्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, की आता तुमीच बघा.

एसटीत कंडक्टर ओल्या गोणपाटाकडे बघून म्हणाला, "काका, धोतरा न्यायलाव? कुनाला घोटून पाजायचाय?" मागची माणसं हसली. मीही हसलो. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मोळी मांडीवरून खाली पडून सुटली. मी फांद्या गोळा केल्या आणि पुन्हा बांधल्या.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती, आणि वीज गेलेली. माझी बायको राजेश्री मेणबत्ती शोधत होती. पानाच्या देठाचा वण बघितला की फांदीची दिशा कळते, कारण कोंब फुटायचा डोळा वणाच्या नेहमी वर असतो. पण तो वण बघायला उजेड लागतो. आत्याचा शब्द मोडायचा नव्हता. मी बोटांनी चाचपून फांद्या मातीत खोचल्या.

सगळ्या कुजल्या, एक तगली. तिच्या कोंबाची चाल मात्र विचित्र होती. तो आधी मातीकडे निघाला, मग वळण घेऊन वर आला. मी म्हटलं, जातच तशी असेल.

आत्याचा फोन दर आठवड्याला यायचा. आधी एकच प्रश्न, "बसले का?" मी म्हणायचो, "वेळ लागतो, आत्या." उन्हाळ्यात शिवकन्या बोलायला लागली. "भाऊजी, आत्याबाईंचे पाय लय सुजलेत. डॉक्टर म्हनले, रातच्याला आडवं झोपवा. आमी झोपवलं तर उठून बसायल्यात."

मग एकदा आत्या स्वतःच म्हणाली, "सपनात यायलेत. बोलत न्हाईत. तोंड लालबुंद झालंय, रगत उतरल्यावाणी... डोळे भायेर आल्यावाणी. तू नीट लावलं न्हवं रे?"

मी म्हटलं, नीट लावलंय.

त्याच सुमाराला परसात ठसे दिसायला लागले. संध्याकाळी मी पाणी घालायचो, माती ओली असायची, आणि सकाळी झाडाभोवती तळहात उमटलेले असायचे. आधी वाटलं, शेजारची पोरं. पण पोरांचे हात एवढे रुंद नसतात, आणि परसाचं दार आतून बंद असतं. ठसे खोल होते. अंगाचा सगळा भार हातांवर घेतल्यासारखे. झाडाला फेरी घालून ते पुन्हा झाडापाशीच येत. पावलं मात्र कुठेच नव्हती.

राजेश्रीने ते बघितले आणि पदर तोंडाला लावला.

"अहो... हे कुनी हातावर चालायलंय का?"

झाडापाशी गेलो, हातमोजे चढवले आणि बुंध्याजवळची माती बाजूला केली. काज-बटणाचं भिंग घेऊन जुन्या खोडावरचे वण बघितले. डोळा वणाच्या वर असायला हवा होता. प्रत्येक ठिकाणी तो खाली होता.

कापडाची उलट-सुलट मी अंधारात बोटाने ओळखतो. ही फांदी मात्र मी उलटी लावली होती, आणि तिने तशीच मुळं धरली होती.

"मामांना डोकं खाली करून बसवलंय..." राजेश्री म्हणाली.

त्याच आठवड्यात पहिली कळी आली. या झाडाची कळी लोंबते. ही नव्हती लोंबत. ताठ, आभाळाकडे तोंड करून, मुठीतून वर काढलेल्या बोटासारखी उभी होती. फोनवर शिवकन्या विचारत होती, "कळी आली म्हनलाव न्हवं? आणू का आत्याबाईंना?" मी म्हटलं, आणू नका. या फुलाचं तोंड आत्याने बघितलं असतं तर ती जन्मात आडवी झाली नसती.

झाड उपटून सुलटं करता येत नाही. मुळं वर जातात आणि ते मरतं. दुसरी फांदी आणायची तर आत्याच्या शेताच्या कडेला आता डांबर होतं. उरला एकच मार्ग. बेचक्याच्या वरची, कळीची फांदी मी कापली. खाली तिरपं, वर सपाट. या वेळी भर उजेडात, भिंगाने प्रत्येक वण तपासून, नव्या मातीत सुलटी लावली. तिला विभूती लावली आणि म्हटलं, मामा, इकडं या.

ती जगली. पान धरल्याबरोबर परसातले ठसे थांबले.

आता प्रश्न जुन्या खोडाचा होता. ते कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना. एवढे महिने त्यात मामा होते. म्हणून मी भिंतीच्या कडेला खड्डा खणला, अगदी आमच्या रीतीने. खोड उलटं करून, म्हणजे खरं तर सुलटं करून, मुळं वर ठेवून आत उभं केलं. विभूती टाकली, बेल वाहिला, माती लोटली आणि वर शहाबादी फरशी बसवली. राजेश्री म्हणाली, "स्वामींना इचारायचं तरी." मी म्हटलं, खोडाला कशाला स्वामी?

पौषात नव्या झाडाला फूल आलं. एका संध्याकाळी हिरवी कळी सुटली आणि पांढरी तुतारी सरळ खाली लोंबली. वासाने घर भरलं. मी तिथूनच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना शिवकन्या आत्याला रिक्षातून घेऊन आली. आत्याला दोघांनी धरून आणावं लागलं. पाय खांबासारखे झाले होते, पण डोळे लकाकत होते. आम्ही तिला झाडासमोर पाटावर बसवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. फूल हलकं हलत होतं. वारा नव्हता.

"बसले," ती म्हणाली. "मांडी घालून. बघ की रे... कसे निवांत बसलेत." तिने पदराने डोळे पुसले आणि एकदम शिवकन्येकडे वळून मामांनाच टोमणा मारला, "घरी कवा असे एका जागी बसले न्हाईत. बाजाराला जायची घाई."

आम्ही सगळे हसलो. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. राजेश्री चहा टाकायला आत वळली.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "अन् तिथं रे?"

ती भिंतीकडे बघत होती. फरशीकडे.

"तिथं काही नाही, आत्या. ह्याची फांदी ज्यावरून घेतली ते जुनं खोड पुरलंय. रीतीनं पुरलंय."

"रीतीनं म्हंजी? इभूती टाकलीस?"

"टाकली."

"बेल?"

"वाहिला."

सुजलेले पाय आत्याने हातांनी उचलून पाटाखाली ओढून घेतले.

"मामा ह्यात आले, तवा ते रिकामंच झालं व्हतं न्हवं?"

"हो."

"रिकामी समाधी कुनी घालतं का रे, महांतेश..." आता ती कुजबुजत होती. "खड्डा खणला तर त्याच दिशी त्यात माणूस बसवायचा असतोय, न्हाईतर बुजवायचा असतोय. तू इभूती टाकलीस, बेल वाहिलास, म्हंजी पाट मांडून या म्हनल्यागतच... अन् बसणारा तर हिकडं."

"मग?"

"मग काय. जागा मांडल्यावर कुनीतरी बसतंयच."

"कोण आहे, आत्या?"

तिने डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघितलं.

"आमच्यातलं न्हाई," ती म्हणाली. "वळख लागंना. तुझ्याकडं बघायलंय."

शिवकन्येने तिला चहा घेऊ न देताच उठवलं. रिक्षात बसताना आत्याने माझा हात घट्ट धरला. "फरशी काढू नकोस. बसलेल्याला उठवू नये. बसलंय तवर काई न्हाई."

त्या रात्री आत्या आडवी झाली आणि सकाळी उशिरापर्यंत झोपली. शिवकन्येने आनंदाने कळवलं. पायांची सूज उतरायला लागली आहे. रोज एक भाकरी जास्त जेवते. माझ्या मनासारखं झालं, असंच म्हणायला हवं.

मी रोज सकाळी परसात जातो आणि फरशीवर तळहात ठेवून बघतो. या थंडीत भिंतीच्या त्या बाजूला ऊन दुपारपर्यंत येत नाही. दगड बर्फासारखा असायला हवा. तो कोमट असतो. एसटीत कुणी नुकतंच उठलेल्या सीटवर आपण बसावं, तसा. पहिल्यांदा मी हात झटकन काढून घेतला होता. नंतर सवय झाली. कोमट लागला की मी मनात म्हणतो, बसलंय. आणि कामाला लागतो.

आज सकाळी फरशी गार लागली.

मी दुसरा हात ठेवून बघितला, मग गाल टेकवला. गार होती. नव्या झाडाखाली मामा निवांत असावेत, कारण फुलं नीट लोंबत होती. राजेश्री अजून उठली नव्हती. मी तिला काही सांगितलं नाही. बाहेरून वळसा घालून दुकानापाशी आलो. रात्री मीच लावलेलं कुलूप तसंच होतं. ते काढलं आणि शटर वर केलं. आत काल ठेवलं तसंच सगळं होतं. कापडाचे तागे, खडू, टेप.

मी मशीनपाशी गेलो आणि बसायच्या आधी स्टुलावर हात ठेवला.

स्टूल गरम होतं.