पुलावर थांबलेली गाडी

सकाळी सव्वाअकराला मुख्यमंत्र्यांनी सही केली आणि साडेअकराला वैनगंगेच्या पुलावरची सगळी वाहनं जागच्या जागी थांबली. पूर्वी आदेश कागदावरून, ठाण्यातून, शिपायाच्या हातून झिरपत खाली पोचायचा. आता स्वयंअंमल प्रणाली तो थेट गाड्यांच्या यंत्रमेंदूत उतरवत असे. कायदा करायला विधिमंडळ बसावं लागतं. कार्यकारी आदेशाला एक सही पुरते.

नदीपलीकडच्या जिल्ह्यात मेंदूज्वर फैलावला होता. सीमाबंदीचा मसुदा आरोग्य विभागाच्या अवर सचिव मंदाकिनी उराडे यांनीच लिहिलेला. सवलतीचं कलम त्यांनी मुद्दाम गाळलं होतं. सवलत ठेवली की आधी बड्यांच्याच गाड्या सुटतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं.

बाराला धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, कल्पनाची रुग्णवाहिका पुलावर अडकलीय. बाळ आडवं आलंय गं! दवाखाना तुमच्या बाजूच्या काठावर दिसतोय, पण गाडी हलेना."

मंदाकिनी धावतच सचिवांच्या दालनात शिरल्या. "साहेब, माझी भाची आहे. एक गाडी सोडा."

सचिवांनी मान खाली घातली. "चोवीस तास बदल करता येत नाही, मॅडम. दबाव येऊ नये म्हणून ती अट तुम्हीच घातलीत."

मंदाकिनींनी आदेश पुन्हा वाचला. वाहन, वाहन, वाहन. माणसाचा उल्लेख कुठेच नव्हता.

"सुमे, तिला उचला! चालत या!" त्या फोनवर बहिणीला ओरडल्या.

रुग्णवाहिकेचा चालक आणि तीन ट्रकवाल्यांनी ताडपत्रीची झोळी केली. दीड किलोमीटर पूल, वर रणरणतं ऊन. मंदाकिनी फोन कानाशी धरून उभ्या होत्या. धावती पावलं ऐकू येत होती, कल्पनाचं कण्हणं ऐकू येत होतं. मग कण्हणं थांबलं. पावलं थांबली नाहीत.

बाळ वाचलं. कल्पना गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोळी वाहत अलीकडे आलेल्यांपैकी एकजण तापानं फणफणला. तपासणीत मेंदूज्वरच निघाला. तासाभरात प्रणालीनं नव्या आदेशाचा मसुदा मंदाकिनींच्या पडद्यावर ठेवला: 'वाहन' या शब्दापुढे 'व व्यक्ती' जोडावे.

रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या ती ओळ वाचत राहिल्या. सवलतीचं कलम घालावं, तर ते कुणासाठी? न घालावं, तर उद्या पुलावर कोण असेल?

सचिव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "पाठवू का सहीला?"