ताटावरचा हात

कुंदननं मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याची समजूत झाली की मी मुकी आहे.

श्रावण होता. जळगावच्या बसस्टँडमागची ती खानावळ दुपारच्या वेळी गच्च भरलेली, बाहेर बारीक भुरभुर आणि आत ओल्या छत्र्यांचा वास. माझ्या समोरची तेवढी एक खुर्ची रिकामी होती. खांद्याला काळी बॅग आणि चष्म्यावर थेंब घेऊन एक मुलगा आला. इथं कुणी आहे का, म्हणाला. मी मान हलवली. त्यानं मीठ मागितलं, मी वाटी सरकवली. मग वाढपी भरिताची बादली घेऊन आला आणि मी ताटावर हात आडवा धरला. जळगावात येऊन भरीत नको म्हणणारी बाई त्यानं बहुतेक पाहिली नसावी. त्याची पळी पुढंच येत राहिली, माझा हात तसाच राहिला.

तेव्हा समोरचा तो अगदी हळू आवाजात वाढप्याला म्हणाला, "दादा, त्यांना बोलता येत नाही. आग्रह नको करू."

आणि माझ्याकडे वळून त्यानं दोन्ही हातांनी, सावकाश, एक खूण केली — पाणी हवं का? इतकी मनापासून केली, की माझा घास घशात अडकता अडकता राहिला.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मी जेवताना बोलत नाही. ताटाला हात जोडले की मौन, ते हात धुवेपर्यंत. वांगंही खात नाही त्या दिवसांत. घरी कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. रोजचा हरिपाठ, तुळशीजवळचा दिवा, तसंच हे. बाहेरगावी मात्र अशी पंचाईत होते.

हात धुऊन आले आणि म्हटलं, "बोलता येतं मला. चातुर्मास आहे."

त्याचे कान लाल झाले. चेहरा नाही, नुसते कान. मला त्याची दया आली, म्हणून पुढं काहीतरी बोलायचं म्हणून मी रेकॉर्डिंग स्टुडिओचा पत्ता विचारला. त्यानं चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"चला," तो म्हणाला. "तो मीच."

मी तेव्हा धुळ्याला, देवपूरच्या घरी खिडकीपाशी बसून लिहायचे. साडीच्या दुकानाची रिक्षातून फिरवायची जाहिरात, ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याचं माहितीपत्रक, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, लग्नपत्रिकांचा मजकूर... जे येईल ते. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की आई अभिमानानं "लिहिते" म्हणायची आणि समोरचा पुन्हा विचारायचा, ते झालं, पण नोकरी कुठं?

जिवाचं काम मात्र वेगळंच होतं. ते सुरू झालं शेजारच्या इंदिराबाईंपासून. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. एकदा गहू निवडता निवडता त्या सहज बोलून गेल्या, "इंदिरा ते सासरनं नाव शे. माले मनी मायनं भिकू नाव ठेवेल व्हतं. आते त्या नाववरी हाक मारनारं कोनी ऱ्हायनं नही."

मी त्यांना हाक मारली — "भिकू." अक्कांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी पोर दिसली, ती मला पुन्हा कधी दिसली नाही. त्या दिवसापासून मी बायांना विचारत सुटले, तुमचं पहिलं नाव काय? लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितो, पेढे वाटले जातात, आणि जुनं नाव कुठं जातं? त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात ते इंटरनेटवरून लोकांना ऐकवायचं, दर शुक्रवारी एक बाई. 'माहेरचं नाव' असं मी त्या मालिकेला म्हणायचे. माझ्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये बायांपेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त ऐकू यायच्या. म्हणून जळगाव, म्हणून कुंदन.

पहिल्याच दिवशी त्यानं माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "दोन वाक्यांच्या मध्ये तुम्ही इतकी जागा सोडता, एक बस येऊन निघून जाईल."

"कापा मग," मी म्हटलं. "पण बाई नाव सांगायच्या आधी थांबते ना, तेवढं कापू नका, भाऊ."

त्यानं कानावरचा हेडफोन काढला. "नाही कापणार. पण माझीही एक विनंती आहे."

"काय?"

"भाऊ म्हणू नका."

आमच्याकडं भाजीवालासुद्धा भाऊ आणि कलेक्टरसुद्धा भाऊ. त्याला काय म्हणावं मला सुचेना. पुढं कितीतरी दिवस मी त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. नुसतं "ऐकलं का..." म्हणायचे, आणि ते जास्तच वाईट झालं, कारण आमच्या आया आमच्या वडिलांना तेच म्हणतात. त्याच्या ते लक्षात आलं होतं. हसायचा नाही, कान लाल व्हायचे.

मग तो यंत्र घेऊन माझ्याबरोबर गावोगाव येऊ लागला. दोंडाईच्याला एका आजीबाईंचं रेकॉर्डिंग करून आम्ही स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलो होतो, ते दुपारचं ऊन अजून आठवतं. त्यानं हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली, एक स्वतःच्या. आजीबाईंचा आवाज थांबला... आणि मग कितीतरी वेळ नुसता वारा, लांबचा कोंबडा, त्यांचा श्वास. "ही तुमची जागा," तो म्हणाला. "आता मला आवडायला लागली." आणि मी रुळांकडं बघत राहिले, कारण त्याच्याकडं बघणं शक्य नव्हतं.

सगळ्यांना काही हे काम आवडत नव्हतं. पद्धती बुडवायला निघाली, असं लोक लिहायचे. एका लग्नपत्रिकेत मी मुलीच्या विधवा आजीचं नाव निमंत्रकांत घातलं आणि काम हातचं गेलं. मला पाहायला आलेल्या एका घरानं तर आधीच सांगितलं, आमच्याकडं नाव बदलतात, आणि हे रेकॉर्डिंग वगैरे लग्नानंतर शोभणार नाही. मी नको म्हटलं. त्या रात्री आईनं जेवण जरा लवकर आवरलं.

कुंदननं एकदा विचारलं होतं, इतकी व्रतं करता आणि असं लिहिता, हे जुळतं कसं?

"मी रोज देवाला हजार नावांनी हाक मारते," मी म्हटलं. "बाईला तिच्या एका नावानं मारली, तर देव रागावेल असं वाटत नाही."

त्यानं बंद यंत्राकडं पाहिलं. मग म्हणाला, "हे रेकॉर्ड करायला हवं होतं."

आमच्या बोलीची तो थट्टा करायचा. त्याचं घर नशिराबादला, तिकडची बोली वेगळी. आमचं 'शे' त्याला फार गोड वाटायचं. चहा शे का, उन्ह शे का, असं उगीच म्हणत बसायचा आणि प्रत्येक वेळी चुकीच्या जागी घालायचा. माझ्या मौनाची तर त्याला सगळी भाषा पाठ झाली होती. नजर मिठाकडं गेली की मीठ. बोट उचललं की थांबा. आणि ताटावर आडवा हात म्हणजे नको, अगदी पक्कं नको. "तुमचा तो हात," तो म्हणायचा, "वाढप्याला कळला नसेल, मला कळतो." मौनाचं उद्यापन कसं करतात, हेही त्यानं विचारून घेतलं होतं. देवाला घंटा वाहायची. चार महिने आपण गप्प, मग आपल्या वतीनं घंटेनं बोलायचं. त्याला ते इतकं आवडलं, की त्यानं दोनदा सांगायला लावलं.

कार्तिक लागला आणि त्याला पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओतून बोलावणं आलं. येत्या शनिवारपर्यंत कळवायचं होतं. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं, की धुळ्याला येतोय, एक विचारायचं आहे, समोर विचारीन.

तो आला तेव्हा आम्ही नुकत्याच ताटावर बसलो होतो. आईनं त्यालाही बसवलं. मी हात जोडले होते, म्हणजे माझं तोंड बंद झालं होतं. आई भाकरी आणायला आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही बोलत असताना मला हे विचारता येणार नाही," तो ताटाकडं बघत म्हणाला. "म्हणून आत्ताच विचारतो. पुण्याला पगार चांगला आहे. पण राहिलो तर... तुमच्यासाठी राहीन. माझ्याशी लग्न कराल? तांदळात मी दुसरं नाव लिहिणार नाही. मला दुसरं येतच नाही."

आणि नेमकी त्याच वेळी आई मागून आली, "अर्धी तरी घे गं," म्हणत तिनं गरम भाकरी माझ्या ताटावर धरली, आणि माझा हात... सवयीचा हात, आडवा होऊन ताटावर गेला.

त्यानं आई पाहिली नाही, भाकरी पाहिली नाही. त्यानं हात पाहिला.

मी घाईघाईनं मान हलवली. नाही, तसं नाही, असं मला म्हणायचं होतं. पण मान हलली ती नाहीच म्हणत हलली. त्यानं ताटातला घास संपवला, एकही शीत न टाकता. आईला म्हणाला, बस गाठायची आहे. फाटकाची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर देव रागावला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चार महिने सांभाळलेला आवाज असा एकदम हाताशी येत नाही. मी कसंबसं ताट संपवलं, हात धुतले आणि ओल्या हातांनी रस्त्यापर्यंत पळाले. रस्ता रिकामा होता.

फोन लावला. त्यानं लगेच उचलला आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, की मी संकोच करू नये, त्याला राग नाही, शुक्रवारचा भाग पाठवला तर तो नेहमीसारखा नीट करून लोकांपर्यंत पोचवेल. आवाज इतका जपून ठेवला होता त्यानं, की माझाच बसला. फोन बंद झाला.

मग मी तुळशीपाशी दिवा लावला, तिथंच बसले आणि शुक्रवारचा भाग रेकॉर्ड केला. त्या आठवड्याची बाई मीच.

मी दिपमाला, असं मी सांगितलं. दिवाळीत पणत्या लावता लावता आईला कळा सुरू झाल्या, म्हणून हे नाव. ते अजून कुणी बदललेलं नाही. एवढं बोलून मी थांबले. एक बस येऊन निघून जाईल एवढी थांबले. आणि मग अक्कांच्या बोलीत म्हटलं, पुस्तकी मराठीत मला ते म्हणताच आलं नसतं — "तो हात मायनी भाकरकरता व्हता, तुमनाकरता नही. मना होकार शे."

फाइल पाठवली. त्यानं उघडल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, नेहमीसारखी शेवटची शांतता आली आणि त्यानं तिथंच थांबवलं असेल, पुढचं ऐकलंच नसेल. हरिपाठाच्या ओळी दोनदा चुकले. आई नुसती माझ्या ताटाशी बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी अक्का फोन घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. दर शुक्रवारी त्या माझ्याशेजारी बसूनच ऐकायच्या. माझा आवाज सुरू झाला. पणत्या, आई, नाव. मग शांतता... त्यानं ती कापली नव्हती. तुळशीपाशी वाजणारी रातकिड्यांची किरकिर तशीच होती. मी पदर घट्ट धरला, कारण आता सगळ्या खानदेशासमोर माझा होकार ऐकू येणार होता.

होकार आला नाही. त्याच्या जागी घंटा वाजली. एकच टोला, लांबपर्यंत निनादत गेलेला.

"ही घंटा कोनी वाजाडी वं?" अक्कांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि तो टोला पुन्हा लावला.

उद्यापनाच्या दिवशी तो त्याच्या आईला, भागाबाईंना, घेऊन आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी घंटा. दुकानातल्या सगळ्या वाजवून बघितल्या, म्हणाला, शेवटी दुकानदारानं विचारलं, तुमचा देव ऐकू कमी येणारा आहे का? उत्तर का दिलं नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले. फोनवर बोललो असतो तर रडलो असतो, एवढंच म्हणाला.

भागाबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, की माझंही नाव त्या मालिकेत घेशील का. त्यांच्या आईनं त्यांचं नाव द्वारका ठेवलं होतं. कुंदनला ते त्या दिवशी, माझ्यासोबतच, पहिल्यांदा कळलं. तो आईकडं बघतच राहिला.

आता त्याला काही वर्षं झाली. स्टुडिओ अर्धा जळगावात, अर्धा आमच्या देवपूरच्या खोलीत आहे. तांदळाच्या ताटात त्यानं 'दिपमाला' लिहिलं, दि ऱ्हस्व, माझ्या आईनं ठेवलं तसंच. भिकूअक्का गेल्या, त्यांचा आवाज तेवढा फोनमध्ये आहे. घंटा पांझरा नदीकाठच्या देवळात आहे. वारा नसला तरी मला ती कधी कधी ऐकू येते.

चातुर्मासात मी अजून जेवताना बोलत नाही. आणि कुंदन अजूनही जे काही मोठं विचारायचं असेल, ते मी ताटावर बसले की विचारतो. त्या वेळी मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसते. आई भाकरी वाढत राहते, आणि त्याचं विचारून झालं की मी ती सगळी खाते.