सणाच्या गोळ्या

तेलाचं बोट तलवारीच्या पात्यावरून मुठीपर्यंत आलं, आणि तिथंच विद्याश्रीचा हात थांबला...

खंडेनवमीची सकाळ होती. मैसूरच्या फौजेत लढलेल्या पूर्वजांची ती तलवार अग्रहार या जुन्या वस्तीतल्या त्या घरात वर्षातून एकदाच खाली उतरे, आणि तिला तेल लावून चौरंगावर ठेवण्याचा मान थोरल्या सुनेचा असे. एकवीस वर्षं विद्याश्रीनं तो निगुतीनं निभावला होता. पण आज हात मुठीशी असतानाच तिला कळलं, की आतून सारं सुटलं आहे. तिनं तलवार अलगद पाटावर ठेवली, दोन पावलं मागं सरली आणि भिंतीला टेकली. फिकट पिवळ्या साडीवर उमटलेला डाग ओळीनं बसलेल्या सगळ्या पाहुण्यांना दिसला.

"येनु गं हे! काय हे? गोळी घेतली नाहीस?" सासूबाईंचा, भागीरथीबाईंचा आवाज चिरका झाला.

"घेतली होती, अत्ते..."

"सुम्मने, उगाच खोटं नको बोलू! साऱ्या गावाचं रक्त मोजते आमची सून, घरचा एक दिवस काही मोजता येत नाही तिला!"

कुणीतरी हसलं. विद्याश्री खाली मान घालून मागच्या दाराकडे निघाली.

घरात त्यांना 'सणाच्या गोळ्या' म्हणत. पाळी पुढं ढकलायच्या त्या गोळ्यांची पट्टी भागीरथीबाई स्वतः आणून देवघरातल्या फडताळात ठेवत. गौरी, नवरात्र, संक्रांत, युगादी, श्राद्धपक्ष... एकही दिवस चुकलेला चालत नसे. तीन वर्षांपूर्वी रक्तस्राव आठ-आठ, मग बारा-बारा दिवस चालू लागला, तेव्हा विद्याश्रीला वाटलं, गोळ्यांनी चक्र बिघडलं असेल. सासूबाईंनाही तसंच वाटलं. या घरच्या बायकांचं असंच होतं, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पण विद्याश्री एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. फाल्गुनात एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तिनं स्वतःचं रक्त यंत्राला लावलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन! दुसऱ्या कुणाचा तो आकडा असता, तर तिनं तत्काळ डॉक्टरांना फोन केला असता. आपल्या आकड्याकडे ती नुसती पाहत राहिली. मग एकटीच जाऊन सोनोग्राफी करून आली. गर्भाशयात अकरा सेंटिमीटरची गाठ. तो कागद तिनं घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि सात महिने कुणाला काही म्हणजे काही सांगितलं नाही!

आज मागच्या दारापर्यंत ती पोचलीच नाही. उंबऱ्याशी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती कोसळली. आवाज ऐकून भागीरथीबाई काठी टेकत आल्या, त्यांनी फरशीवरचं रक्त पाहिलं, आणि मागं वळून मुलाला हाक मारली.

"भुवन..." एवढंच त्या म्हणाल्या. "अरे, रिक्षा आण."

दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवल्यावर तिसऱ्या दिवशी विद्याश्रीच्या ओठांवर रंग आला. एमआरआय झाला, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून झाला. कर्करोगाचं काही लक्षण नव्हतं. डॉक्टर चैत्राली मूळच्या साताऱ्याच्या, आता मैसूरच्याच विजयनगर भागात राहणाऱ्या; त्यांच्याकडचे नमुने विद्याश्रीच्याच प्रयोगशाळेत येत. त्यांनी विद्याश्री, तिचा नवरा भुवन आणि भागीरथीबाई अशा तिघांना समोर बसवलं आणि फाल्गुनातला तो कागद टेबलावर उलगडून ठेवला.

"विद्याताई, हा तुमच्या पिशवीत सापडला म्हणून भुवनरावांनी आणून दिला. सात महिने? तुम्ही रोज लोकांचे रिपोर्ट वाचता हो! मला एक फोन नाही करायचा?"

विद्याश्री बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"मला म्हणाली असतीस तर..." भुवन पुटपुटला.

"म्हटलं असतं तर पोट कापायला नेलं असतं तुम्ही," ती अखेर बोलली. आवाज शांत होता, पण एकेक शब्द उचलून ठेवावा लागत होता. "सहा आठवडे मला वाकता आलं नसतं, काही उचलता आलं नसतं. मग अत्तेंना उठवणार कोण? न्हाऊ कोण घालणार? मागं त्यांचा गुडघा मोडला तेव्हा तुम्ही त्यांना कृष्णराजनगरला, वन्संकडे पाठवायचं काढलं होतं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता... या घरातनं मला हलवू नको म्हणून. मी हो म्हटलं होतं."

भागीरथीबाईंनी हळूच पदर तोंडाशी नेला.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "अय्यो देवरे... माझ्यासाठी रक्त सांडत बसलीस तू? आणि मी सगळ्यांच्या देखत तुला... मी जाते कृष्णराजनगरला! आजच जाते!"

"थांबा आजी," चैत्राली म्हणाल्या. "कुणी कुठं जायचं नाही अजून. पहिली गोष्ट, गोळ्यांनी गाठ झालेली नाही. पण सगळा दोष गोळ्यांवर टाकल्यामुळं गाठीकडे कुणी पाहिलं नाही. दुसरी गोष्ट, एवढी मोठी गाठ म्हणजे पोट फाडायलाच हवं, असं आता नाही. अर्ध्या इंचाच्या तीन-चार छिद्रांतून दुर्बिणीनं गाठ काढता येते. आतच एका पिशवीत घेऊन तिचे तुकडे करून बाहेर आणतात. हवं तर तशाच छिद्रांतून गर्भाशयही काढता येतं. मग गाठ पुन्हा होण्याचा प्रश्नच नाही. आणि तिसरा मार्ग, मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा. टाका नाही, रक्त जवळजवळ जात नाही, एक-दोन दिवसांत घरी, आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी कामाला. पण गाठ लगेच जात नाही, सहा महिन्यांत निम्मी होते. पहिला दिवस कळा येतात, चांगल्याच येतात. आणि थोड्या जणींना पुढं दुसरा उपचार करावा लागतो. हेही सांगायला हवं."

भुवननं खिशातलं पेन काढलं. "डॉक्टर, तुम्हाला बरं वाटेल ते करा. सही कुठं करू?"

"ठेव ते पेन!"

भागीरथीबाईंची काठी फरशीवर आपटली होती. चैत्रालीसुद्धा दचकल्या.

"तू सही करायची नाहीस. पोट तिचं आहे. तिला विचार."

खोलीत सगळे विद्याश्रीकडे पाहू लागले. तिनं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल दोन प्रश्न विचारले, नळीच्या उपचाराबद्दल पाच. तिची मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती, आणखी मूल नको होतं. अंगात रक्त आधीच कमी होतं. तिनं विचार करायला एक दिवस मागितला, आणि दुसऱ्या दिवशी नळीचा मार्ग निवडून स्वतःच्या हातानं सही केली.

चार आठवड्यांनी, रक्त भरून आल्यावर, तो उपचार झाला. सगळा मिळून तासाभराचा. दुपारी तिला खोलीत आणलं तेव्हा मनगटावर एवढीशी पट्टी होती, पण कळा मात्र सांगितल्याप्रमाणे आल्या. भुवन औषधं आणायला खाली गेला होता. भागीरथीबाई घरी थांबायला तयार झाल्याच नव्हत्या. खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून त्या तिच्या पायांवरून हात फिरवत होत्या. आजवर कधी तो हात तिच्या पायांना लागला नव्हता. तिनं संकोचून पाय ओढून घेतले, त्यांनी ते पुन्हा पुढं घेतले.

"माझं पोट बेंबीपासून खाली फाडलं होतं," त्या एकाएकी म्हणाल्या. "भुवन सहा वर्षांचा होता. असंच रक्त जात होतं माझं. तुझ्या मामंजींनी सही केली. गाठ काढतात एवढंच मला सांगितलं होतं. गर्भाची पिशवीच काढली, हे मला महिन्यानं कळलं... तेही नर्सच्या तोंडून. मला अजून एक मुलगी हवी होती गं."

विद्याश्रीनं आता पाय मागं घेतले नाहीत.

"मला कुणी विचारलं नाही. आणि मी सासू झाले, तेव्हा मीही तुला कधी विचारलं नाही. किती दिवस जातं, काय होतं, दुखतं का... गोळ्या तेवढ्या आणून दिल्या!"

त्यांचे डोळे कोरडेच होते. चाळीस वर्षं त्यांनी ते तसेच ठेवले होते. कळ ओसरेपर्यंत विद्याश्री थांबली, मग कुशीवर वळून तिनं तो सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.

"अत्ते, तुम्हाला खूप दुखलं होतं?"

भागीरथीबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि त्या रडू लागल्या.