चाळिसाव्या मजल्यावरचं दार

ती गेल्याचं कळलं त्या दुपारी तो तिच्याच कामाला बसला होता. मंगळवार होता. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, मागच्या खोलीत टेबलावरचा दिवा लावलेला, आणि पुढ्यात व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट उघडून ठेवलेली.

एकतीस वर्षं तो रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत आला होता. बायको त्याला 'मिस्त्री' म्हणायची. लाडात असली की 'अहो मिस्त्री', रागात असली की नुसतं 'मिस्त्री'. दुकान पुढे, घर मागे. दुपारी एक ते तीन दुकान बंद. जेवण झालं की दोघं टीव्हीसमोर बसायची आणि आठवड्यातून एखाद्या दुपारी अर्धा तास मनोऱ्याचा खेळ खेळायची.

खेळाचा डबा त्यांचा नव्हताच. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. दोन वर्षं माळ्यावर पडून होता. मग एकदा तिनेच तो खाली काढला. "चालतो का बघू तरी," म्हणाली, आणि तिथून पुढे अठरा वर्षं तो डबा टीव्हीखालून हलला नाही.

खेळ साधाच. चाळीस मजल्यांचा मनोरा, एक लाल बाहुला, एक निळा. प्रत्येक मजल्याच्या शेवटी दार. दोघांनी दारापाशी उभं राहून एकदम बटण दाबलं तरच ते उघडायचं. एकट्याने कितीही आपटा, दार हलायचं नाही. लाल त्याचा, निळा तिचा. दारापाशी पोचली की ती निळ्याला जागच्या जागी दोन उड्या मारायला लावायची. खेळात त्याचा काही उपयोग नव्हता.

"हे काय?" त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"टकटक केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये. आईने शिकवलंय. तुम्हाला कुणी शिकवलं नाही, त्याला मी काय करू?"

कुठवर आलो ते कॅसेट लक्षात ठेवायची. खेळलेले एकूण तासही ती दाखवायची. ते तास बायको कॅसेटच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायची आणि पुढच्या वेळी खोडून नवे लिहायची. शेवटचा आकडा होता ४१२ तास १६ मिनिटं. दोघं चाळिसाव्या मजल्यावर पोचली होती. शेवटचं दार समोर होतं. तेवढ्यात डब्यातून जळका वास आला आणि पडदा काळा झाला. डब्याची मुख्य चिप गेली होती, आणि तशी चिप आता कुठेच मिळत नव्हती.

आठवड्याभराने तिला दवाखान्यात ठेवलं.

"मिस्त्री, तेवढं दार राहिलंय," खाटेवरून ती म्हणाली. "माझ्याशिवाय उघडायचं नाही. आणि मला इथे फार दिवस ठेवणार असतील, तर तो खेळ इकडे आणा."

तो त्याच खटपटीला लागला होता. चष्म्याचं दुकान असलेल्या मेहुण्याने माहिती काढून दिली. तळहाताएवढा एक संगणक येतो, त्यात जुन्या डब्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम टाकायचा, कॅसेटमधलं सगळं एका यंत्राने त्यात उतरवून घ्यायचं, की झालं. हे सगळं बसवायला त्याने एक पत्र्याची पेटी केली, जाळी बसवली, पंखा लावला. फक्त कॅसेट उतरवायची राहिली होती. त्याआधी कॅसेटचे दात, म्हणजे जोडणीच्या पितळी पट्ट्या, साफ करावेत म्हणून त्याने ती उघडली.

आणि सेल काढला.

उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं की जुनं काही उघडलं की आधी सेल काढायचा, पाझरला की आतली सर्किटची पट्टी खातो. एकतीस वर्षं त्याचे हात हेच करत आले होते. काढला, चिठ्ठीवर लिहिलं, 'सेल काढला, मंगळवार, २.४०', चिठ्ठी कॅसेटला चिकटवली. चिकटवताना तिचं पेन्सिलीचं अक्षर अंगठ्याखाली आलं, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कॅसेटची आठवण त्या सेलवरच तर होती. आधी उतरवून घ्यायचं, मग सेल काढायचा. त्याने सेल परत लावला, पण वरातीमागून घोडं. अठरा वर्षं पुसली गेली होती.

हिला सांगायचं कसं? खोटं बोलावं, तर ती आवाजावरून ओळखते. खरं बोलावं, तर त्या खाटेवर पडल्या पडल्या ती भिंतीकडे तोंड फिरवेल आणि म्हणेल, "असू दे." ते 'असू दे' ऐकायची त्याची छाती नव्हती.

फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही या. काकू गेल्या. दोन चाळीसला."

त्या क्षणी त्याचा जीव भांड्यात पडला. आता तिला सांगावं लागणार नाही, हे त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं. बाकीचं नंतर आलं, आणि आलं ते गेलं नाही. पण आधी हे आलं होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

*

महिनाभर दुकान बंद राहिलं. मग हात रिकामे राहवेनात म्हणून त्याने पेटी पुरी करायला घेतली. कॅसेट उतरवली. आठवणीची जागा उघडून पाहिली. पुसलेल्या चिपमध्ये असतो तसा एकच आकडा सगळीकडे होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याने तो दोनदा तपासला. खेळातली सगळी चित्रंही तिथे सुटी सुटी दिसत होती. निळा बाहुला चालताना, उडी मारताना, पडताना. डावीकडे तोंड, उजवीकडे तोंड. एकूण चौदा चित्रं.

सपाट टीव्हीवर बटण उशिरा लागत होतं. दाबावं आत्ता, बाहुला उडी मारणार मग. तिला हे मुळीच खपलं नसतं. म्हणून त्याने माळ्यावरचा जुना खोक्याचा टीव्ही उतरवला. प्रोग्राममधली थांबण्याची वेळ एकेक पायरी कमी करत गेला. पाच दिवस तेच. कुणासाठी चाललंय हे, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. सहाव्या दिवशी बोट आणि उडी एक झाली.

"जमलं गं," तो म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं.

मग त्याने पहिल्या मजल्यापासून खेळ सुरू केला. एकट्याला दार उघडता येणार नव्हतं. दोन्ही जॉयस्टिक मांडीवर घेऊन दोन बटणं एकदम दाबायची, असं त्याने ठरवलं होतं. दुसरी जॉयस्टिक अजून लावायची होती. लाल दारापाशी नेला आणि तो तिची वायर उचलायला वाकला.

वर पाहिलं तर निळा चालत येत होता.

दारापाशी आला. दोन उड्या मारल्या. थांबला.

त्याने टीव्ही बंद केला. एकतीस वर्षांत त्याने भुताटकीचे रेडिओ पुष्कळ पाहिले होते, आणि प्रत्येकात शेवटी झाळणीचा एक सुटा डाग निघाला होता. त्याने जोडणीची भोकं तपासली, वायरी बदलल्या. प्रोग्राममध्ये कुठलं बटण दाबलं गेलं त्याची नोंद ठेवायची सोय होती, ती चालू केली. दुसऱ्या दिवशी दुपारी निळा पुन्हा आला. नोंदीत दुसऱ्या खेळाडूची बटणं ओळीने होती. ती कुठल्या जॉयस्टिकवरून आली, त्या रकान्यात लिहिलं होतं: काही जोडलेलं नाही.

रविवारी मेहुणा आला.

"भावोजी, दाढी करा हो. गिऱ्हाईक तुम्हालाच दुरुस्तीला नेऊन टाकेल."

"बस. हे बघ." त्याने दुसरी जॉयस्टिक लावून मेहुण्याच्या हातात दिली. "निळा तुझा."

मेहुणा दोन मिनिटं बटणांशी झटला. "हा माझं ऐकतच नाही. मी डावीकडे म्हणतोय, हा उजवीकडे चाललाय."

"हं."

"ताईवर गेलाय मेला." तो हसला. एवढ्यात निळा दारापाशी पोचला आणि त्याने दोन उड्या मारल्या. मेहुण्याचं हसू जागच्या जागी थिजलं. जॉयस्टिक त्याने हळूच जमिनीवर ठेवली.

"लहानपणी माझ्या खोलीच्या दारावर ती असंच..." मग म्हणाला, "भावोजी, हे काढून टाका. माझं ऐका. नाहीतर काही दिवस माझ्याकडे राहायला चला."

"सुटा डाग असेल कुठेतरी."

"असेल. तुम्हीच म्हणताय तर असेल." चहा तसाच टाकून तो उठला. त्यानंतर तो फोन करायचा, पण घरी आला नाही.

मेहुणा गेल्यावर त्याने पेटीचा प्लग काढला. दुसरी जॉयस्टिक कपाटाच्या खणात ठेवली. दोन आठवडे दुकानात बसला, मिक्सर दुरुस्त केले, दाढी केली. दुपारी एक वाजला की मागच्या खोलीत जाणं टाळायचा आणि काउंटरवरच डबा उघडून जेवायचा. तरी तीन वाजेपर्यंत त्याचे कान मागेच असायचे.

ती गेल्यानंतरचा नववा मंगळवार उजाडला तेव्हा त्याला कळून चुकलं होतं, की भीती एका बाजूला आणि ती खोली रिकामी असणं एका बाजूला, आणि दुसरं जास्त जड आहे.

दुपारी त्याने प्लग लावला.

खेळाच्या सुरुवातीला, कुठला खेळ कुठवर आला ते दाखवणारे तीन रकाने येतात. पहिल्यात त्याचा नवा खेळ होता, चौथा मजला. तिसरा रिकामा. दुसरा, जो त्यांचा असायचा आणि ज्यातला एकेक आकडा पुसला गेल्याचं त्याने स्वतः तपासलं होतं, तो भरलेला होता.

मजला ४०.

खाली तास होते. १९२४ तास ३६ मिनिटं.

त्याला वाटलं, काहीतरी कचरा आकडा आला असेल. मग त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बरोबर तीन. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. कॅसेटच्या चिठ्ठीवर तिचा आकडा होता, ४१२ तास १६ मिनिटं. त्याखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचं अक्षर होतं, मंगळवार, २.४०. नऊ आठवडे म्हणजे त्रेसष्ट दिवस. त्रेसष्ट चोवीस पंधराशे बारा. वर आजची वीस मिनिटं.

बेरीज त्याने दोनदा केली.

सेल काढला त्या मिनिटापासून घड्याळ थांबलं नव्हतं. पेटी तयार नव्हती तेव्हाही नाही. प्लग काढून ठेवला होता ते दोन आठवडेही नाही.

त्याने रकाना उघडला.

चाळिसाव्या मजल्यावर दोघं होती. लाल अलीकडे, जिथे डबा जळाला तेव्हा होता तिथेच. निळा दाराशी. हा खेळ तसा समजूतदार आहे. बटण दाबलं नाही तर बाहुले थोड्या वेळाने खाली बसतात. निळा बसला नव्हता.

दोन उड्या. मग शांत. मग पुन्हा दोन उड्या.

त्याने लाल दारापर्यंत नेला. आता एक बटण, की दार उघडेल. मनोरा संपेल, आणि संपलेल्या खेळाचा रकाना पुसला जाईल, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. अंगठा बटणावर होता. पण त्याआधी सांगायला हवं होतं. नऊ आठवडे तो ते घशात घेऊन फिरत होता.

"अगं," तो म्हणाला. "ऐक ना."

उड्या थांबल्या.

"तो सेल..."

निळ्याने मान वळवली. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. सरळ समोर, काचेबाहेर.

चौदा चित्रांत असं चित्र नव्हतं.

दोन ठिपके, डोळ्यांच्या जागी. ते हलले नाहीत. ती ऐकत असली की अशीच बघायची, हातातलं काम थांबवून, पुढचं वाक्य येईपर्यंत.

पुढचं वाक्य आलं नाही.

त्याने अंगठा उचलला. जॉयस्टिक जपून खाली ठेवली, आणि पुढे जाऊन दुकानाचं शटर वर केलं.

हे होऊन बरेच दिवस झाले. पेटी तो आता बंद करत नाही. पंखा मात्र आठवड्याला साफ करतो. रोज एक वाजता जेवण घेऊन तो टीव्हीसमोर बसतो, जेवतो, तीनला उठतो. निळा त्याच्याकडे तोंड करून उभा असतो. कोपऱ्यातले तास पुढे जात असतात.

शेवटचं दार उघडायचं राहिलं आहे. सेलचं तिला सांगायचं राहिलं आहे.