खाणीकडे वळलेले पिवळे पट्टे

उद्या तुम्ही वरच्या जंगलातून जाणार म्हणालात, म्हणून सांगते. तुम्हाला घाबरवायचं म्हणून नाही. सूप अजून गरम आहे, हवं तर आणखी घ्या.

आमच्या व्हेर्न्योल गावाला माणसं येतात ती चालायलाच. दुसरं इथे आहे काय? एक चर्च, एक बेकरी, तीही निम्मा आठवडा बंद, आणि माझं हे मुक्कामाचं घर. पण भोवतालच्या टेकड्यांवर, चेस्टनटच्या जंगलात पायवाटा आहेत. त्या वाटांवर झाडांना आणि दगडांना पिवळे पट्टे रंगवलेले तुम्ही पाहिलेच असतील. पट्टा दिसला की वाट बरोबर, फुली दिसली की मागे फिरायचं. हे पट्टे पावसापाण्याने उडतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं. मग आम्ही गावातलीच दोघं-चौघं दर वर्षी पानगळीच्या दिवसांत ते पुन्हा रंगवतो.

त्या वर्षी ऑक्टोबरातला शनिवार होता. रविवारी गावाची मोठी चाल होती. आसपासच्या गावांतून माणसं पोराबाळांसकट येतात, सकाळभर चालतात, मग पंचायतीच्या हॉलमध्ये चेस्टनट भाजतात आणि सफरचंदाची नवी सायडर पितात. सगळ्या वाटेचे पट्टे रंगवून झाले होते. ओढ्यावरच्या कपडे धुवायच्या जुन्या जागेपासून जंगलातून वर सेंट रॉकच्या चॅपेलपर्यंतचा तुकडा तेवढा उरला होता. दुपारी जेवण आटोपून मी आणि आन्सेल्म निघालो.

आन्सेल्म म्हणजे माझा शेजारी. आयुष्यभर सुतारकाम केलं, आता नुसता कटकट करतो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझी वेणी ओढायचा. अजूनही मला त्याच अधिकाराने अगं-तुगं करतो.

कामाची आमची पद्धत ठरलेली. मी तारेचा ब्रश घेऊन पुढे. शेवाळ, सुटलेली साल, जुना रंग खरवडायचा. तो मागून डबा आणि कुंचला घेऊन येतो. त्यामुळे आमच्यात नेहमी थोडं अंतर असतं, पण आवाज पोचतो.

"तू हो पुढे, मिरेय," आन्सेल्म म्हणाला. "तुझं घासून होईतो माझा रंग डब्यातच वाळेल."

"तुझा हात थरथरतो म्हणून वेळ लागतो. रंगाला कशाला बोल लावतोस?"

"माझा हात नाही थरथरत. झाडं हलतात."

मी हसत चढाला लागले.

त्या दिवशी माझ्याकडे देत्री नावाचे एक पाहुणे उतरले होते. बेल्जियममधल्या लिएजचे, शाळेत भूगोल शिकवायचे. सकाळी कॉफी पिताना मीच त्यांना म्हटलं होतं, दुपारी आमच्या मागोमाग या, ताज्या खुणा आहेत, चुकायची भीती नाही.

जंगलात शिरलो तेव्हा ऊन होतं. थोडं वर गेल्यावर नदीकडून धुकं चढायला लागलं. इथलं धुकं तुम्ही बघितलं नसेल. ते येताना दिसत नाही, हळूहळू झाडंच कमी होत जातात. ओल्या पानांचा आणि अळंब्यांचा वास दाटला. शिकाऱ्यांची कुत्री कुठेतरी भुंकत होती, ती गप्प झाली. उरला माझ्या ब्रशचा आवाज, आणि मागे डब्याच्या कडीची किणकिण. पानांवर पावलं वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची.

मी बोलत होते. आन्सेल्मच्या सुनेला त्याचं वर्कशॉप विकायचं होतं, त्यावर मला बरंच बोलायचं होतं. मागून अधूनमधून "हं" येत होता.

मग तो फाटा लागला. तिथे एक जुनं जाडजूड चेस्टनट होतं. उजवीकडची वाट चॅपेलला जाते. डावीकडची झुडपांत बुजलेली वाट जाते छपरावर घालायच्या काळ्या दगडी पाट्या काढायच्या जुन्या खाणीकडे. खाण बंद होऊन जमाना झाला, आता तिच्यात पाणी भरलंय.

"इथे डावीकडे फुली मारायची हां," मी मागे न बघताच म्हटलं. "उद्या पोरं येणार आहेत."

"तुम्ही पुढे व्हा," मागून आवाज आला. "मी बघतो."

तुम्ही. मला वाटलं, रुसला. रागावला की तो असाच कोर्टातल्यासारखा बोलतो.

"बरं, साहेब," मी म्हटलं आणि पुढे झाले.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "थकलात का?"

"मी? छे."

"मग चालत राहा..."

मानेवर काहीतरी गार लागलं. घाम असेल म्हणून मी रुमालाने पुसलं. एकदा वळून बघितलं. धुक्यात कोणी दिसलं नाही, पण कुंचला सालीवर फिरतोय हे ऐकू येत होतं. रंगाचा वासही येत होता. काम चाललंय म्हणून मी निघाले.

चॅपेलपाशी झाडं संपतात. तिथे पायरीवर आन्सेल्म बसला होता. एक बूट काढलेला, घोटा सुजून लाल झालेला, शेजारी रस्त्यावर त्याची गाडी.

"केवढा वेळ लावलास," तो म्हणाला. "तिथे खाली ओढ्यापाशीच पाय मुरगळला माझा. किती हाका मारल्या. तू आपली चाललीस तोंड चालवत. मग लंगडत गाडीपाशी गेलो आणि रस्त्याने आलो."

मी खाली बघितलं. डबा त्याच्या पायाशी होता. झाकण घट्ट बसलेलं. कुंचला कोरडा.

"काय झालं?" त्याने विचारलं.

मी त्याला मागे नेऊन जंगलातलं पहिलं झाड दाखवलं. मी खरवडलेल्या जागी पिवळा पट्टा होता. सरळ, कडा स्वच्छ, ओला.

आन्सेल्मने तो बराच वेळ बघितला. "मी इतका चांगला काढत नाही," तो म्हणाला.

मग मला आठवलं. "देत्री! ते खालून येतायत. माझ्याच भरवशावर."

त्याने बूट चढवला, एक फांदी मोडून हातात घेतली. मी म्हटलं तू बस, तो म्हणाला गप्प चल. आम्ही उतरत फाट्यापर्यंत आलो. चॅपेलला जाणाऱ्या, आमच्याच वाटेच्या तोंडाशी फुली होती. आणि खाणीकडच्या वाटेवर, जिथे मी ब्रश लावलाच नव्हता, तिथे झाडामागून झाडाला पट्टे होते. झुडपांमध्ये ताजी तुडवलेली वाट होती.

खाण येते ती एकदम. झाडं संपतात आणि पायाखाली पाट्यांचा ढीग कुरकुरायला लागतो. पुढे कडा, कड्याखाली पाणी. देत्री अगदी काठावर उभे होते, आमच्याकडे पाठ करून, मान थोडी पुढे झुकवून. कोणी काही सांगत असलं की माणूस ऐकतो तसे.

मी ओरडणार होते. आन्सेल्मने माझा दंड धरला. मग बेकरीत नमस्कार करावा इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "मस्यू देत्री, तिथली पाटी सरकते. तुम्ही सावकाश मागे या."

"पण हे म्हणतात, खाली पायऱ्या आहेत..."

"कोण म्हणतं?"

"हे काय..." त्यांनी हात पुढे केला. पुढे पाण्यावरचं धुकं होतं, दुसरं काही नाही.

तेवढ्यात त्यांच्या पायाखालची पाटी घसरली. आन्सेल्म त्या सुजलेल्या पायाने कसा पोचला, मला अजून कळलेलं नाही. त्याने त्यांची पाठपिशवी पकडली, मी आन्सेल्मचा कमरेचा पट्टा पकडला, आणि आम्ही तिघं पाट्यांवर आडवे झालो. पाटी पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही. आम्ही वाट बघत पडून राहिलो, तरी आला नाही.

घरी आणल्यावर देत्री इथेच बसले होते, तुम्ही बसलाय तिथे. ब्रँडी दिली, ती एका घोटात संपवली. रात्रीच्या गाडीने जायचं म्हणाले. दारातून निघताना एवढंच बोलले, "मला जराही भीती वाटली नाही हो. इतक्या आदराने बोलत होता... सगळा वेळ काळजी करत होता, की मी थकलो का."

आम्ही सरपंचबाईंना सांगितलं, वर दरड सरकलीय. रविवारची चाल नदीच्या पलीकडून नेली. पोरांनी चेस्टनट खाल्ले, सायडर संपली, कोणाला काही कळलं नाही. सोमवारी खाणीकडचे पट्टे आम्ही खरवडले आणि वर करडा रंग फासला. आन्सेल्मला मी विचारलं, तिथे कोणी मेलं होतं का रे? तो म्हणाला, "खाण आहे मिरेय. मेलीच असतील की. आता गप्प घास."

फाट्यावरच्या त्या चेस्टनटवरचा पट्टा मात्र करड्या रंगातून पुन्हा दिसायला लागला. दोनदा फासलं, दोनदा आला. शेवटी हिवाळ्यात पंचायतीने ते झाडच पाडायला लावलं. लाकूड सरपणाला वाटलं. एक ओंडका आन्सेल्मकडे आला.

दुसऱ्या दिवशी तो दारात. "जरा ये," म्हणाला. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही.

वर्कशॉपमध्ये त्याने ओंडका फोडला होता. झाड त्याच्या आजोबांहून जुनं. आमच्या गावात पट्टे रंगवायला लागलो आम्हीच, तेही आन्सेल्मचे केस पांढरे झाल्यावर. पण त्या लाकडात सालीपासून थेट गाभ्यापर्यंत, दर वर्षीच्या कड्यात एकेक पिवळी रेघ होती. सगळ्या एकाच जागी, एकाच मापाच्या.

"रोग असेल," मी म्हटलं. "बुरशी."

आन्सेल्मने नाही म्हणून मान हलवली. मग गाभ्याजवळच्या, सगळ्यांत आतल्या रेघेवर बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

रंग ओला होता.